जलव्यवस्थापन, लातूर–नांदेड प्रदेशातील

पावसापासून मिळणारे गोडे पाणी अडविणे, साठविणे, निरनिराळ्या गरजांमध्ये त्याची वाटणी करणे आणि वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणणे, या सर्व व्यवहारांना मिळून जलव्यवस्थापन असे म्हणतात. पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी गोडे पाणी सु. २·५% असून त्यातीलही बहुतांश हिमरूपात अथवा खोल भूगर्भात आहे. जगाच्या लोकसंख्येपैकी सु. १८% लोकसंख्या भारतात असली, तरी गोड्या पाण्यापैकी केवळ सु. ४% पाणी त्याच्या वाट्याला आले आहे. देशातील दरडोई वार्षिक जलोपलब्धी २००१ मध्ये १,८१६ घमी. होती, ती २०११ मध्ये १,५४५ घमी. झाली. ही उपलब्धी १,७०० घमी.पेक्षा कमी झाल्यास जलताणाची आणि १,००० घमी.पेक्षा कमी झाल्यास जलटंचाईची स्थिती मानली जाते.

देशाच्या सरासरीवरून एखाद्या प्रदेशाची खरी अवस्था मात्र कळत नाही. मराठवाड्याच्या पूर्व व आग्नेय भागांतील नांदेड आणि लातूर हे परस्परांस लागून असलेले जिल्हे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. लातूर जिल्हा उपनदीच्या उगमाकडील, कमी पावसाच्या प्रदेशावर अवलंबून आहे. त्याची टंचाई प्रामुख्याने आवकेची आहे. नांदेड जिल्ह्यातून गोदावरीसारखी मोठी नदी वाहते, पाऊसही त्या मानाने बरा पडतो. परंतु पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी अडविण्यावर भूरचनेच्या व करारांच्या मर्यादा आहेत. त्याची टंचाई प्रामुख्याने वाट्याची आहे. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच आहे : पाण्याची आवक दरवर्षी बदलते, त्याची मागणी मात्र दरवर्षी तितकीच राहते किंवा वाढते.

भूस्वरूप व पर्जन्य : लातूर जिल्हा (क्षेत्रफळ ७,१५७ चौ. किमी.; लोकसंख्या २४,५४,१९६—२०११) उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याच्या विभाजनाने १९८२ मध्ये अस्तित्वात आला. तो बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. नांदेड जिल्ह्याचे (क्षेत्रफळ सु. १०,५०० चौ. किमी.; लोकसंख्या ३३,६१,२९२—२०११) गोदावरीचे खोरे, दक्षिणेकडील मांजरा-मन्याडचा प्रदेश व उत्तरेकडील पैनगंगेलगतचा डोंगराळ प्रदेश असे स्थूलमानाने तीन भाग पडतात.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या मराठवाड्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस वाढत जातो. लातूर जिल्ह्यात वार्षिक सरासरी सु. ७०० ते ८०० मिमी., तर नांदेड जिल्ह्यात सु. ९०० मिमी. किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. किनवट व माहूर या वनाच्छादित तालुक्यांत त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. वार्षिक पावसाचा फार मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तोही मोजक्या दिवसांत पडतो. त्यामुळे एकाच वर्षी पेरणीनंतरची दीर्घ उघडीप आणि काढणीच्या वेळची अतिवृष्टी ही दोन्ही संकटे शेतकऱ्यावर येतात.

मांजरा ही गोदावरीची महत्त्वाची उपनदी बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. सु. ७२४ किमी.च्या प्रवासात ती लातूर जिल्ह्यातून कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात आणि तेथून तेलंगणात जाते. नंतर उत्तरेकडे वळून नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरून वाहत ती कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. तेरणा, मन्याड व लेंडी या तिच्या उल्लेखनीय उपनद्या होत. म्हणजे लातूरच्या सीमेबाहेर गेलेली नदी दोन राज्यांना वळसा घालून नांदेडच्या सीमेवर परत येते आणि दोन्ही जिल्ह्यांचा पाण्याचा हिशेब शेजारच्या राज्यांशी जोडला जातो.

भूजल : या प्रदेशाचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला असून उदगीरच्या पठारावर काही ठिकाणी जांभा आढळतो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांत त्याहून प्राचीन असे ग्रॅनाइट व पट्टिताश्म उघडे पडले आहेत. हे सर्व खडक कठीण आहेत. पाणी साठते ते प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या थरात, मुरुमात आणि खडकांतील भेगा व सांध्यांत. गाळाच्या मैदानाच्या तुलनेने या खडकांची जलधारणक्षमता फारच कमी असते. चांगल्या पावसात विहिरी लवकर भरतात आणि उपसा वाढताच लवकर आटतात. खोल विंधन विहिरीला लागणारे पाणी पुष्कळदा जुन्या भेगांत साचलेले असते. ते एकदा उपसले गेले, की एका पावसाळ्याने त्याची भरपाई होईलच असे नाही. शिवाय भेगा भूपृष्ठावरील शेताचे बांध ओळखत नाहीत. एकाची विंधन विहीर खोल गेली, की शेजारच्याची उथळ विहीर कोरडी पडते. भूजल हे जमिनीच्या मालकीचे अंग मानले गेल्यामुळे त्याच्या उपशावर दीर्घकाळ कोणतेही परिणामकारक बंधन नव्हते.

पूर्वपरंपरा : पाणी साठविण्याची या प्रदेशातील परंपरा जुनी आहे. कंधार येथील ‘जगत्तुंग समुद्र’ हा तलाव राष्ट्रकूट काळातील मानला जातो. गावोगावच्या बारवा, किल्ल्यांतील हौद व विहिरी आणि वस्त्यांलगतचे तलाव यांवर पिण्याच्या पाण्याची भिस्त असे. हैदराबाद संस्थानाच्या काळात मांजरा नदीवर निजामसागर धरण (१९२३–३१) बांधण्यात आले. त्याचा लाभ मात्र खालच्या बाजूच्या निजामाबाद परिसराला झाला. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला, तेव्हा येथील सिंचनविकास राज्याच्या इतर विभागांच्या मानाने मागे होता. १९७२ च्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर पाझर तलाव, नालाबांध व रस्ते यांची कामे काढण्यात आली. त्या अनुभवातूनच रोजगार हमी योजनेला राज्यव्यापी रूप मिळाले व १९७७ मध्ये तिचा कायदा करण्यात आला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापनाही याच काळातील (१९७२) आहे.

धरणे व कालवे : मराठवाड्यातील सर्वांत मोठा प्रकल्प म्हणजे गोदावरीवरील पैठण येथील जायकवाडी होय. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये त्याची कोनशिला बसविण्यात आली आणि १९७६ मध्ये धरणाचे उद्‌घाटन झाले. एकूण सु. २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी.) साठवणक्षमता असलेल्या या जलाशयाच्या भरण्या-न भरण्यावर गोदावरीच्या खालच्या पात्रातील प्रवाह बऱ्याच अंशी अवलंबून असतो. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे आणि पैनगंगेवरील इसापूर धरण (ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प) यांच्या कालव्यांनी नांदेड जिल्ह्याच्या काही भागांस पाणी मिळते. अर्धापूर परिसरातील केळीच्या बागा हे या कालव्यांचे फलित होय. मन्याड नदीवर कंधार तालुक्यात बारूळ येथे आणि लोहा तालुक्यात लिंबोटी येथे धरणे आहेत.

नांदेड शहरालगत गोदावरीवर विष्णुपुरी येथे उभारलेला प्रकल्प आशियातील मोठ्या उपसा सिंचन योजनांत गणला जातो. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांचे नाव त्यास देण्यात आले आहे. जलाशयाचा उपयुक्त साठा सु. ८१ दलघमी. आहे. नांदेड शहराचा पाणीपुरवठा आणि उंचावरील शेतीचे सिंचन अशी दोन्ही कामे हा प्रकल्प करतो. वर्षातून अनेकदा पुराचे पाणी दरवाजांतून सोडून द्यावे लागते आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात साठा अपुरा पडतो, असा विरोधाभास येथे दिसून येतो. नदी मोठी असली, तरी भांडे लहान आहे.

लातूर शहर मांजरा धरणावर अवलंबून आहे. हे धरण बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात धनेगाव येथे असून त्याचा एकूण साठा सु. २२४ दलघमी. व उपयुक्त साठा सु. १७७ दलघमी. आहे. बीड, धाराशिव व लातूर या तिन्ही जिल्ह्यांतील गावे त्यावर विसंबून आहेत. धरणाच्या वर नदीचे पाणलोट क्षेत्र मर्यादित व कमी पावसाचे असल्यामुळे अनेक वर्षी ते पूर्ण भरत नाही. त्याखाली नदीच्या पात्रात नागझरी, साई, डोंगरगाव, होसूर इ. ठिकाणी बंधाऱ्यांची साखळी उभारण्यात आली आहे.

लातूरची पाणीटंचाई (२०१५-१६) : २०१४ व २०१५ या लागोपाठच्या दोन पावसाळ्यांत मराठवाड्यात सरासरीपेक्षा सु. ४०% कमी पाऊस झाला. मांजरा धरणातील उपयुक्त साठा संपून मृतसाठाही आटला. सु. ३·८३ लाख (२०११) लोकवस्तीच्या लातूर शहराचा नळाचा पुरवठा बंद पडला. पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी व तंटे होऊ नयेत म्हणून मार्च २०१६ मध्ये जमावबंदीचे आदेश काढावे लागले. एप्रिलमध्ये कृष्णाकाठच्या मिरजेहून सु. ३४० किमी. अंतरावरील लातूरला रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणण्यास प्रारंभ झाला. ‘जलदूत’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीने १२ एप्रिल रोजी पहिले ५ लाख लिटर पाणी आणले. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका फेरीत सु. २५ लाख लिटर पाणी येऊ लागले आणि ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. शहरातील संस्था व नागरिकांनी निधी उभारून मांजरेच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम त्याच वर्षी हाती घेतले. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील जोरदार पावसाने धरण पुन्हा भरले.

या घटनेचा अर्थ आकड्यांतून अधिक स्पष्ट होतो. पन्नास वाघिणींची एक फेरी म्हणजे शहरातील प्रत्येक माणसामागे सु. ६·५ लिटर पाणी होय. दरडोई दररोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरल्यास लातूरची वार्षिक गरज सु. १९ दलघमी. भरते. ही गरज पूर्ण भरलेल्या मांजरा धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या एक-दशांशाहून थोडीच अधिक आहे. धरण एकदा भरले, की बाष्पीभवन व गळती वजा जाताही शहराला दोन-तीन वर्षे पुरेल इतके पाणी त्यात राखून ठेवणे हिशेबाने शक्य असते. ते राखले जात नाही, कारण भरल्या वर्षी वाढविलेली लागवड पुढच्या कमी पावसाच्या वर्षीही पाणी मागते. शहरावरील संकट अपुऱ्या पावसामुळे ओढवले हे खरे. परंतु भरल्या वर्षातील शिल्लक पुढे न नेल्यामुळे ते अधिक तीव्र झाले.

पीकपद्धती : ज्वारी, तूर, हरभरा, करडई व गळिताची इतर धान्ये ही या प्रदेशाची परंपरागत पिके. अलीकडील दशकांत सोयाबीनचा प्रसार झाला. लातूर ही सोयाबीन व तूर यांची मोठी बाजारपेठ आहे. सिंचनाच्या सोयींबरोबर साखर कारखाने आले आणि उसाची लागवड वाढली. उसाला बारा ते अठरा महिने शेतात उभे राहावे लागते. पाटाने दिलेल्या पाण्यातील वहनव्यय धरून हेक्टरी सु. २०,००० घमी. पाणी लागते, असे मानले तर लातूर शहराची वर्षाची गरज सु. ९५० हेक्टर उसाच्या पाण्याइतकी होते. राज्यातील लागवडीखालील क्षेत्रापैकी सु. ४% क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सु. दोन-तृतीयांश पाणी घेतो, याकडे केंद्राच्या कृषी परिव्यय व मूल्य आयोगाने लक्ष वेधले आहे.

तथापि या प्रश्नाचा दोष केवळ ऊस पिकविणाऱ्याच्या माथी मारणे योग्य नव्हे. उसाला खात्रीचा खरेदीदार व कायद्याने ठरलेला किमान दर आहे. अवकाळी पावसात तो तग धरतो. तूर व सोयाबीन यांचे भाव मात्र हंगामागणिक कोसळतात. कोरडवाहू पिकाला खरेदीची तशीच शाश्वती मिळाल्यावाचून पीकबदलाचा उपदेश निष्फळ ठरतो. ठिबक सिंचनाने पाण्याची मोठी बचत होते. परंतु वाचलेले पाणी साठ्यात न राहता अधिक क्षेत्र ओलिताखाली आणण्यास खर्ची पडले, तर खोऱ्याच्या ताळेबंदात फरक पडत नाही.

आंतरराज्यीय वाटप : भारतीय संविधानानुसार पाणी हा राज्यसूचीतील विषय असून आंतरराज्यीय नद्यांचे नियमन संसदेच्या कक्षेत येते. आंतरराज्यीय जलविवाद अधिनियम, १९५६ अन्वये गोदावरीसाठी न्या. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली १९६९ मध्ये लवाद नेमण्यात आला व त्याचा अंतिम निवाडा १९८० मध्ये झाला. महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यात ६ ऑक्टोबर १९७५ रोजी झालेला करार त्यात समाविष्ट आहे. पैठणपर्यंत गोदावरीचे व सिद्धेश्वरपर्यंत पूर्णेचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे, या धरणांच्या आणि मांजरेवरील निजामसागरच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या भागात नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफुटांहून (सु. १,७०० दलघमी.) अधिक पाणी वापरू नये, असे त्यात ठरले. नांदेड जिल्ह्याचा मोठा भाग या दुसऱ्या टप्प्यात येतो.

याच तरतुदीतून धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद उद्‌भवला. २·७४ अब्ज घनफूट (सु. ७८ दलघमी.) क्षमतेचा हा बंधारा पोचमपाड येथील श्रीरामसागर जलाशयाच्या फुगवट्याच्या क्षेत्रात असल्यामुळे आंध्र प्रदेशाने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी बंधाऱ्यास मान्यता दिली. मात्र १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवावेत आणि दरवर्षी १ मार्च रोजी ०·६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे, असे बंधन घातले. देखरेखीसाठी त्रिसदस्य समितीची योजना करण्यात आली. आंध्र प्रदेशाच्या विभाजनानंतर (२०१४) या प्रकरणी तेलंगणाचा संबंध येतो.

या निर्णयाने खालच्या बाजूच्या शेतकऱ्यांचा हक्क सुरक्षित राहिला. नांदेडच्या दृष्टीने मात्र नदी भरून वाहते तेव्हा दरवाजे उघडे आणि दरवाजे बंद होतात तेव्हा प्रवाह ओसरलेला, अशी स्थिती अनेक वर्षी येते. लवकर ओसरणाऱ्या पावसाच्या वर्षी बंधारा पुरेसा भरत नाही. नियम तारखेला बांधलेला आहे, त्या वर्षीच्या पाण्याला नव्हे.

याउलट उदाहरण राज्यांतर्गत वाटपात सापडते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये खोऱ्यातील तुटीची झळ सर्वांनी सारखी सोसावी, हे तत्त्व आहे. त्यानुसार प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिलेल्या आदेशात १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५% हून कमी असल्यास नाशिक व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची रीत ठरविण्यात आली. तिच्या अंमलबजावणीत दरवेळी वाद व न्यायालयीन लढे झाले. तथापि त्या वर्षीचा साठा पाहून वाटा ठरविण्याचे तत्त्व व्यवहारात आले, हे महत्त्वाचे होय.

कायदे व संस्था : राज्यात पाटबंधारे अधिनियम (१९७६), शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना कालव्याचे व्यवस्थापन देणारा अधिनियम (२००५) आणि भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हे प्रमुख कायदे आहेत. यांपैकी शेवटचा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१४ मध्ये अमलात आला. त्यात शेती व उद्योगांसाठी ६० मी.हून अधिक खोल विहीर घेण्यास मनाई आहे. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या जल व सिंचन आयोगाने (१९९९) खोरेनिहाय नियोजनावर भर दिला. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम आहे. ‘जलयुक्त शिवार’ अभियानाने (२०१४) नाले रुंद व खोल करण्याची कामे झाली. खोलीकरणाने साठा वाढतो, परंतु माथ्यावरील मृदासंधारण मागे राहिल्यास तो लवकर गाळाने भरतो. धरणे जलवाहिन्यांनी जोडण्याची मराठवाडा जलजाल योजना व दूरच्या खोऱ्यांतून पाणी आणण्याचे प्रस्तावही पुढे आले आहेत. अशा वाहिन्यांनी पाण्याचे स्थलांतर होते, निर्मिती नव्हे; म्हणून त्या स्थानिक शिस्तीला पर्याय ठरू शकत नाहीत.

पूर : टंचाईग्रस्त प्रदेशास पुराचे भय नसते, हा समज चुकीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील अतिवृष्टीत लेंडी नदीकाठच्या हसनाळ, रावणगाव आदी गावांत पाणी शिरून मनुष्यहानी झाली. लेंडीवरील आंतरराज्यीय धरणाचे काम कित्येक दशके रेंगाळले असून पुनर्वसनाचा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. सप्टेंबर २०२५ मधील पुरांनी मराठवाड्यातील खरीप पिकांचे व जमिनींचे मोठे नुकसान केले. धरण उन्हाळ्यासाठी भरून ठेवावे की पुरासाठी रिकामे ठेवावे, हा पेच पाणलोटातील पावसाची व प्रवाहाची वेळेवर माहिती मिळाल्यासच सुटू शकतो.

उपाय : वरील विवेचनावरून या प्रदेशातील जलव्यवस्थापनाची काही सूत्रे स्पष्ट होतात. पहिले, दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडताना चालू वर्षाबरोबरच पुढील वर्षाचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढणे आणि उरलेल्या पाण्यातून रब्बी व उन्हाळी पिकांच्या पाणीपाळ्या ठरविणे. दुसरे, विहिरींची पातळी पाहून गावाने पिकांचे क्षेत्र ठरविणे. भूजलाचा व धरणाचा हिशेब वेगळा ठेवला, तर कालव्यात वाचलेले पाणी विंधन विहिरींतून जाते. तिसरे, सांडपाण्याचा पुनर्वापर. नागरी पुरवठ्यापैकी सु. ८०% पाणी सांडपाण्याच्या रूपाने परत येते. ते शुद्ध करून उद्योगांस व शेतीस दिल्यास ताज्या पाण्याची बचत होते आणि गोदावरी व मांजरा यांचे प्रदूषणही कमी होते. चौथे, आंतरराज्यीय करारांत तारखांबरोबर त्या त्या वर्षाच्या प्रवाहाचाही विचार व्हावा, यासाठी उभय राज्यांनी मोजमापाची सामाईक व विश्वासार्ह व्यवस्था उभारणे.

धरणे, बंधारे व कालवे बांधण्याचा काळ या प्रदेशात बव्हंशी सरला आहे. साठवणीस योग्य अशा नव्या जागा थोड्या आहेत आणि करारांनी ठरवून दिलेल्या मर्यादाही ठाऊक आहेत. यापुढील काम आहे त्या पाण्याच्या वाटणीचे आहे. ही वाटणी टंचाईच्या वर्षी करू गेल्यास वाटण्यासारखे काही उरत नाही. म्हणून धरण भरलेले असताना, कोणाचीही तहान अडलेली नसताना, ती ठरविली जाणे या दोन्ही जिल्ह्यांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.